नटावरचा ठिपका

आमच्या सायकलच्या हँडलवर ब्रेक नाही. थांबायचं असेल तर पायडल उलटं दाबायचं, की मागचं चाक गप्पकन जागेवर बसतं. सगळा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, त्याच्या पोटात लपलेला. ज्याला हे ठाऊक नाही तो ही सायकल घेऊन निघाला की कुणाच्या तरी कुंपणात जाऊन पडतो, आणि आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, असे पडलेले बरेच आहेत. भिलाईचा कारखाना उभा करायला आलेले एक रशियन साहेब मायदेशी परतताना घरचं सामान विकून गेले, तेव्हा बाबांनी ती घेतली. ही माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. म्हणजे घरात ती माझ्यापेक्षा थोरली, आणि मानही तिला थोरलीचाच.

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत फिटर होते. वर्ध्याकडून नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. कारखान्यातला एक कायदा त्यांनी घरी आणला होता: ज्यानं खोललं त्यानंच बंद करायचं. चाकाची पेटी ज्या फिटरनं उघडली, त्यानंच आत ग्रीस भरून ती बंद करायची, आणि मग नटावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका लावायचा, अर्धा नटावर, अर्धा पेटीवर. कुणी मागाहून नट फिरवला तर ठिपका तुटतो आणि चोरी कळते. तो ठिपका म्हणजे फिटरची सही. बाबांना या सहीचं फार. घरातल्या मिक्सरवर, आईच्या शिलाई मशीनवर, मोरीतल्या नळावर, एवढंच काय कुकरच्या कानावरसुद्धा पिवळे ठिपके होते. पाहुणे विचारायचे की नजर लागू नये म्हणून लावता का.

त्या रंगाचा डबा मला कधी हाताळायला मिळाला नाही. मी बॅटरी धरली, पाने-पकडी हातात दिल्या, घासलेटचं भांडं सांभाळलं. नळ गळायला लागला की वायसर मी बदलायची, पण शेवटचा आटा बाबा द्यायचे आणि ठिपका तेच लावायचे. म्हणजे कायदा सगळ्यांना होता, मला सोडून. लहानपणी याचं काही वाटलं नाही. वाटलं नाही म्हणजे काय, वाटायचं असतं हेच माहीत नव्हतं.

खंडेनवमीला मात्र सोहळा असायचा. कारखान्यात विश्वकर्मा पूजा होऊन जायची, पण घरच्या हत्यारांची पूजा खंडेनवमीलाच. पाने, हातोडी, आईची कात्री, माझं गिरमिट, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं. सायकलला झेंडूची माळ. मग बाबा माझ्या धाकट्या भावाला जवळ घ्यायचे, समईतलं तेल पळीत काढून त्याच्या हातात द्यायचे, आणि हबवर जे तेलाचं भोक असतं त्यातून तो ते आत सोडायचा. घरच्या लेकाच्या हातचं तेल! मग त्याचं बोट रंगात बुडवून नटावर ठिपका. पुढे तो शिकायला पुण्याला गेला, नोकरीला तिकडेच राहिला, तरी बाबांनी तेल सोडलं नाही. "त्याच्या नावानं" म्हणून स्वतःच पळी ओतत राहिले. मी समोर उभी असायची. माझ्या नावानं कधी काही ओतलं गेल्याचं मला आठवत नाही.

बाबा निवृत्त झाल्यावर केव्हातरी ती सायकल जाम झाली. पायडल पुढे जाईना, मागे येईना. मागच्या पडवीत ताडपत्री पांघरून ती उभी राहिली. भावानं एकदा फोनवर सांगितलं, "ट्रान्सपोर्टनं पाठवून द्या ना बाबा, इथे हॉलच्या भिंतीवर लावतो. आजकाल अशा जुन्या वस्तूंची फॅशन आहे." बाबांनी तोंडदेखलं "हव, हव" म्हटलं आणि विषय सोडून दिला. भंगारवाला आला तेव्हा त्यालाही दिली नाही.

आई गेली होती. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, ते विचारणारे आता राहिले नाहीत. सरकारी दफ्तरातून मी निवृत्त झाले आणि पहिल्यांदाच दुपारी घरी राहायला लागले, तर समोर कोण, बाबा आणि ती ताडपत्री. एक दिवस ताडपत्री ओढून काढली आणि म्हटलं, मी खोलते.

"तुले जमन काय?" बाबा म्हणाले.

"न जमायला काय झालं? पाहून पाहून डोळे गेले माझे."

ते उठले. आत जाऊन स्वतःचं स्टूल घेऊन आले.

ते दिवस चांगले होते, हे मला लिहिलंच पाहिजे. चांगले होते म्हणूनच पुढचं इतकं लागलं. मी खाली फरशीवर पेपर पसरून बसायची आणि ते स्टुलावर. ब्रेकची लोखंडी पट्टी सायकलच्या दांडीला बांधलेली असते ती सोडवली, चाक काढलं, नट सैल केला. आतून निघालं ते बघून मी नाकाला पदर लावला. छर्रे म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, रोलर, ब्रेकची नळी, सगळं तपकिरी डिंकात गुंडाळलेलं. खवट वास. शिळ्या तिळाच्या लाडवाचा असतो तसा.

मला लगेच कळलं. इतक्या खंडेनवम्यांचं समईतलं तेल आत साठून, ब्रेकच्या तापानं शिजून त्याचा डिंक झाला होता. लेकाच्या हातच्या तेलानंच थोरलीचा गळा धरला होता.

"बाबा, हे तिळाचं तेल आहे."

"जुनं झालं का असंच होते," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

घासलेटमध्ये भिजवून, दातांच्या जुन्या ब्रशनं, सुपारी फोडायच्या अडकित्त्याच्या टोकानं मी तो डिंक खरवडत राहिले. बोटांचा वास जाईना. छर्रे खड्डे पडलेले होते, ते गोल बाजारच्या बाजूच्या सायकल पार्टवाल्याकडून नवीन आणले. ब्रेकची नळी झिजून कागद झाली होती आणि तिचं माप कुठेच मिळेना, तर बीरगांवला एका खरादवाल्याकडून, लेथ मशीनवर, ती नव्यानं घडवून घेतली. स्कूटरवर जाऊन यायचं, बसवून बघायचं, एक केसभर जास्त असेल तर पुन्हा जायचं. बाबा प्रत्येक वेळी दारात वाट बघत असायचे. "बसली काय? नाई? अजून काढाव लागन." आम्ही इतकं कधीच बोललो नव्हतो. आई होती तेव्हा ती मधे असायची, आणि मी दफ्तरात.

मग तेलपाण्याचा दिवस. या हबचं सगळं शहाणपण त्यातच आहे, आणि ते बाबांनी मला शिकवलं, दुसऱ्या कुणाला नाही.

"छर्र्याइले ग्रीस कोंबून भर," ते म्हणाले. "कंजूसी करू नको. पण रोलरले ग्रीस नाई. रोलरले निसतं पातळ मशीनचं तेल, नाईतं ते जागेवरच चिकटते अन् पायडल रिकामंच फिरते. अन् ब्रेकच्या नळीले ग्रीस असं चोपड का तापली तरी सुटलं नाई पाहिजे."

"ब्रेकला ग्रीस?"

"हव! इथं रबर थोडीच आहे. लोखंडावर लोखंड घासते. कोरडं ठेवलं तर एकमेकाले खाते."

त्याच वेळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. मोबाइलमध्ये बघून तो ओरडला, "ताई, ब्रेकला ग्रीस काय लावतेस? घसरेल ना! पुसून टाक ते." पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायची त्याची सवय जुनीच आहे. मी मोबाइल बाबांकडे वळवला. मला वाटलं, आता बाबा त्याला झापतील. बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुयं. पण याच्यात जरा अलग असते." आवाज असा, की चूक भावाची नसून ग्रीसचीच असावी.

मी सगळं भरलं, जोडलं, चाक हवेत धरून फिरवलं. ते इतकं गुपचूप फिरलं की बाबांनी डोळे मिटून कान पुढे केला. नट मी हातानं लावला आणि पाना उचलला.

"कसू नको," बाबा म्हणाले. "नवमी चार दिवसावर आहे. नवमीले बंद करू. पूजेत."

मी पाना खाली ठेवला. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. साठी उलटलेली बाई मी, पण मला वाटलं, बाबांना हे साधंसुधं करायचं नाही. कायदा कायदा आहे: खोललं मी, बंद मी करणार, आणि ते पूजेत, हळदीकुंकवासकट. जन्मभर ज्या ठिपक्याला हात लागला नाही तो आता मान देऊन माझ्या हाती देणार. घरातला डबा वाळून दगड झाला होता. मीच जाऊन पिवळ्या रंगाचा नवा डबा आणला.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी भाऊ विमानानं आला. बाबांनी बोलावलं होतं, मला न सांगता. मला त्याचंही वाईट वाटलं नाही, उलट वाटलं, बरं झालं, त्याच्यासमोर होऊ दे. त्याला आवडतात म्हणून पुडाच्या वड्या केल्या.

सकाळी मी आईची जरीची साडी नेसले. पाट मांडला, हत्यारं मांडली, सायकलला झेंडू घातला, रंगाचा डबा उघडून काडीनं ढवळला. बाबांनी समई लावली आणि म्हणाले, "ये रे."

मी पुढे सरकले होते. "ये रे" ऐकल्यावर जागच्या जागी उभी राहिले.

भाऊ मोबाइल खिशात घालत आला. त्यानं एकदा विचारलं, हे खरं आहे. "बाबा, सगळं ताईनं केलंय. तिलाच करू द्या ना?" पण हे तो अर्धवट बसत म्हणाला. ज्याला खरंच नको असतं तो आधी बसत नाही.

"तिनं मेहनत केली, मले का दिसत नाई?" बाबा म्हणाले. "पण बंद तं घरच्या पोट्ट्यानंच करा लागते. मान असते तो."

मग त्यांनी समईतून पळीभर तेल काढून त्याच्या हातात दिलं.

तेव्हा मी बोलले. "बाबा, ते तेल नका. याच्यानंच जाम झाली होती. मी काढलाय तो डिंक, तुम्ही पाहिलाय."

"शुभ दिवशी टोकू नको," बाबा म्हणाले. "एका पळीनं काय होते?"

त्यानं अख्खी पळी ओतली. माझ्या रोलरवर, माझ्या ग्रीसवर, बीरगांवच्या त्या नळीवर. पाना उलटा धरला होता, तो बाबांनी सरळ करून दिला. नट कसला आणि मी आणलेल्या रंगात बोट बुडवून ठिपका लावला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो झेंडूच्या माळेसकट माझ्या डोळ्यांसमोर बसला होता. मग फोटो. भावकीच्या ग्रुपवर त्यानं तो टाकला, खाली लिहिलं, "बाबांची सायकल अखेर जिवंत केली." लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. एका काकूनं लिहिलं, असा लेक सगळ्यांना मिळो. फोटोच्या कडेला माझं कोपर आलं होतं.

मी आत जाऊन पुऱ्या तळल्या. गरम गरम वाढल्या. रडले नाही, रडायला आलं असतं तर बरं झालं असतं. राग आला होता, आणि तो राग असा होता की तोंड उघडलं असतं तर आईचं नावही मधे आलं असतं. भाऊ दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून परत गेला.

थंडीभर मी ती सायकल भाजी आणायला घेऊन जायची. छान चालली. पण होळीच्या सुमारास पायडल जड लागायला लागलं, आणि उन्हं तापली तशी ब्रेक दाबल्यावर सुटेना. मला आतलं सगळं दिसत होतं. ऊन, तेल, ग्रीस, हळूहळू चिकटत चाललेले रोलर. एक दिवस बाजारातून येताना चाक धरून बसलं ते बसलं. भाजीची पिशवी अडकवून, मागचं चाक उचलून मी तिला घरी आणली.

"काहून उचलून आणून राहिली?" बाबांनी विचारलं.

"जाम झाली."

"तं खोल ना."

"मी काहून खोलू?" मी म्हटलं, त्यांच्याच बोलीत. "बंद कोणं केली? ज्याचा ठिपका आहे त्याले बोलवा. कायदा तुमचाच आहे."

बाबांनी मोबाइल उचलला. त्यांनी पुण्याला फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत होतं, फोन नेहमी स्पीकरवर असतो. "ताईला सांगा ना बाबा," भाऊ म्हणाला, "ती घरीच तर असते."

आणि ती पडवीत उभी राहिली. बाबा जाता-येता तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी बघायची नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे मी त्यांच्याबद्दल म्हणायची; त्या उन्हाळ्यात ते माझ्याबद्दलही खरं निघालं.

मग एकदा त्यांच्या कारखान्यातले एक जुने सोबती भेटायला आले. मी चहा घेऊन येत होते. त्यांनी सायकलकडे बोट दाखवून काही विचारलं असावं, कारण बाबा म्हणाले, "पोट्ट्यानं चांगली सुधारली होती. बाईमाणसाच्या हाती राहिली, झाली जाम."

मी चहा टेबलावर ठेवला. कप हिंदकळून बशीत सांडला, तो पुसला नाही. पिकतं तिथे विकत नाही, हे ठीक आहे. पण जे पिकवलं ते दुसऱ्याच्या नावावर, आणि जी कीड लागली ती माझ्या नावावर? त्या दिवशी मला बाबांचा खराखुरा तिटकारा आला. ऐंशी उलटलेल्या, माझ्याच हातचं जेवणाऱ्या, रोज रात्री मी ज्यांचे गुडघे चोळते त्या माणसाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कूलरसमोर झोपले होते. कूलरच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. मी पेपर पसरला आणि हब खोलला. पिवळा ठिपका मधोमध तुटला. आत तोच वास, या खेपेला नवा, अजून पुरता डिंक न झालेला. मी घासलेटनं धुतलं. पुसलं. छर्र्यांना ग्रीस कोंबलं, रोलरना पातळ तेल दिलं, नळीला चोपडलं. मला कुणी सांगायला लागलं नाही. मग नट लावला आणि दात खाऊन कसला. पिवळा डबा फडताळात होता, पण त्याला मी हात लावला नाही. माझ्या कपाटात कधीचं पडलेलं लाल नेलपॉलिश होतं. त्याचा ठिपका लावला, अर्धा नटावर, अर्धा हबवर. पिवळ्यावर पिवळा लावला असता तर तो पुन्हा भावाचाच दिसला असता.

संध्याकाळी तलावापर्यंत जाऊन आले. चाकाचा आवाज नाही, पायडल उलटं दाबलं की सायकल उभी. घाम आला होता, आणि बऱ्याच महिन्यांनी मला बरं वाटत होतं. पडवीत बाबा स्टुलावर बसलेले. मी सायकल स्टँडवर लावली. ते वाकले, चाक हातानं फिरवलं, कान दिला. मग त्यांचं बोट हबवरून फिरत नटापाशी आलं आणि लाल ठिपक्यावर थांबलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना अगदी बारीक दिसतं. त्यांनी ठिपका पाहिला, मग माझ्या बोटांना लागलेलं ग्रीस पाहिलं, मग मला पाहिलं. मी वाट बघत उभी होते. एक शब्द पुरला असता. "बरं" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"हव, झाली चालू," ते म्हणाले. "आपसूकच सुटली. एकदम मख्खन चालून राहिली. तुया हातचं तेल आता मुरलं न आतमधी."

पलीकडून भाऊ हसला, खूश झाला, बायकोला काहीतरी सांगितलं. बाबांनी फोन ठेवला. चाक पुन्हा एकदा फिरवलं, ते थांबेपर्यंत बघितलं, आणि मला म्हणाले,

"नट जास्त कसला तू. उद्या खोलून सैल कर."